महापालिकेने नाले साफ करायचे की जगाचं हवामान सुधारायचं? (ठाणे - नवी मुंबई)

कोलशेतकर
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागाच काढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत महाराष्ट्राने जाहीर केलं होतं की राज्यातली ४३ अमृत शहरं 'रेस टू झिरो'मध्ये उतरणार, म्हणजे जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच शोषून २०५० पर्यंत हिशोब शून्यावर (नेट झिरो) आणायच्या जागतिक मोहिमेत. अमृत शहरं म्हणजे केंद्राच्या अमृत योजनेतली, त्यात ठाणे आलं, नवी मुंबई आली. तेव्हा पेपरात फोटोबिटो आले, राज्याला कसलासा पुरस्कारही मिळाला. आता आमच्या वॉर्डात कोणालाही विचारा, आपलं शहर असल्या कुठल्या शर्यतीत आहे हे कोणाच्या गावीही नाही.
माझं मत सरळ आहे. हवामान हा दिल्लीचा विषय. कोळसा किती जाळायचा, परदेशात वाटाघाटी काय करायच्या, सगळं केंद्राच्या हातात. पालिकेने पाणी द्यावं, कचरा उचलावा, घोडबंदरचे खड्डे बुजवावेत. ज्यांचे नाले मे महिना संपला तरी साफ होत नाहीत त्यांनी २०५० ची वचनं कशाला द्यावीत?
पण एखाद्या शहराने काही केलं आणि त्यामुळे देशाचं धोरण बदललं असं खरंखुरं उदाहरण कोणाकडे असेल तर सांगा, मला ऐकायचंय. 'आपण सगळ्यांनी झाडं लावूया' छापाचे प्रतिसाद प्लीज नकोत.

चेंगट_बंड्या
आपण सगळ्यांनी झाडं लावूया.

घोडबंदरग्रस्त
ठाणे ऑलरेडी नेट झिरो आहे हो. संध्याकाळी सात वाजता माजिवड्याला या, सगळ्या गाड्यांचा नेट वेग झिरो.

येऊरवाली
@घोडबंदरग्रस्त 😂 पण उभी गाडी जास्त धूर सोडते हो.
@कोलशेतकर, उदाहरण मागितलंत तर घ्या. बार्सिलोना. १९९९ साली त्यांच्या नगरपालिकेने नियम केला की नवीन इमारतीत गरम पाण्याचा ठराविक हिस्सा सौर ऊर्जेवरच हवा. बिल्डर ओरडले असणारच, बिल्डर सगळीकडे सारखेच. मग स्पेनमधल्या इतर शहरांनी तोच नियम थोडाफार बदलून उचलला आणि २००६ मध्ये स्पेन सरकारने बांधकामाची राष्ट्रीय संहिता आणली त्यात सौर गरम पाणी अख्ख्या देशाला लागू केलं. म्हणजे आधी एक शहर, मग बाकीची, मग देश. दिल्लीची म्हणजे माद्रिदची वाट बघत कोणी बसलं नाही.
आणि लांब कशाला, अहमदाबाद घ्या. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला. नंतर अभ्यास झाला त्यात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. तेव्हा उन्हाने माणूस मरतो हे कोणी मोजतही नव्हतं. मग महापालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला आणि बाहेरच्या काही लोकांना सोबत घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आराखड्यात काय तर हवामान खात्याचा अंदाज आला की रंगाप्रमाणे इशारा, १०८ आणि दवाखान्यांना आधीच निरोप, मजुरांच्या कामाच्या वेळा बदलणं, पाणपोया, झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग. रॉकेट सायन्स काहीच नाही. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरणाने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याच्या मुळाशी हा आराखडा आहे. आपल्या ठाण्याचाही उष्णतेचा आराखडा २०२४ मध्ये आलाय, वाचलाय का कोणी?

कोलशेतकर
बार्सिलोनाचं माहीत नव्हतं, चांगलं उदाहरण. ठाण्याच्या आराखड्याचं मात्र आत्ता तुमच्याकडूनच ऐकतोय, म्हणजे बघा.

खारघर_मधला
उष्णतेचा विषय निघालाच आहे तर एप्रिल २०२३ विसरू नका. खारघरच्या त्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक भर दुपारी उघड्यावर बसले होते, १४ जण गेले. तापमान बघायला गेलं तर अहमदाबादच्या निम्म्याने पण भयानक नव्हतं, पण आपल्याकडे खाडीची दमट हवा, घाम वाळत नाही, शरीर थंडच होत नाही. अहमदाबादचा आकडा उचलून इथे चिकटवून चालणार नाही, इथल्या हवेचा हिशोब इथेच कोणीतरी करायला हवा. दिल्लीत बसून कसा करणार?

अण्णा_वाशी
खारघर पनवेल महापालिकेत येतं, नवी मुंबईत नाही. आणि "निम्म्याने पण भयानक" हे काय गणित आहे? बाकी मुद्दा मान्य.

खारघर_मधला
अण्णा आले 🙏 आता हद्दीचा वाद सुरू होणार.

अण्णा_वाशी
सुरू करतोच. कारण हद्द हाच खरा मुद्दा आहे आणि येऊरवाली ताईंनी तो सोडला. बार्सिलोनाची पालिका आणि आमची पालिका यात फरक बघा. नवी मुंबईत जमिनीचा मालक सिडको, म्हणजे शहर वसवणारं राज्याचं महामंडळ. कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा. वीज महावितरणची. लोकल रेल्वेची. खारफुटी वनखात्याची. किनाऱ्याचे नियम केंद्राचे. पालिकेच्या ताब्यात उरलं काय तर पाणी, मलनिःसारण, कचरा, दिवाबत्ती आणि एनएमएमटीच्या बस. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहून दिले, त्यात शहरी वनीकरण आणि पर्यावरण रक्षणही आहे, कागदावर. प्रत्यक्षात किती सोपवलं ते राज्याच्या मर्जीवर.
आणि वर लोकशाहीचा तपशील : नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० ला संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच होता. ज्या काळात ग्लासगोला ती घोषणा झाली त्या काळात आमच्याकडे सभागृहच नव्हतं. मग शब्द दिला कोणी आणि जाब कोणाला विचारायचा?

घोडबंदरग्रस्त
अण्णांना दंडवत.

मुलुंडची_मेघा
मी तुमच्या हद्दीबाहेरची, चेकनाक्याच्या अलीकडची, तरी बोलते 🙂 अण्णा म्हणतात तो फरक मुंबईतही दिसतो. मुंबईचा क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन मार्च २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत नेट झिरो. देशाचं टार्गेट २०७० आहे म्हणजे शहर देशाच्या २० वर्षं पुढे. ऐकायला भारी. पण मुंबईकडे निदान बेस्ट आहे, पालिकेचाच उपक्रम, बसही चालवतो आणि शहर भागात वीजही देतो. तुमच्याकडे बस आहे, वीज नाही.
मला त्या प्लॅनपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते २०२४ चं क्लायमेट बजेट. मूळ कल्पना ऑस्लोची. त्यात नवीन पैसे नसतात, आहे त्याच अंदाजपत्रकातल्या प्रत्येक कामाला विचारायचं की यामुळे धूर कमी होणार का किंवा पूर-उष्णतेपासून बचाव होणार का, आणि तसं वेगळं दाखवायचं. अर्थात नालेसफाईलाही 'क्लायमेट' म्हणून दाखवता येतं आणि आकडा फुगवता येतो हे आहेच.

कोलशेतकर
म्हणजे नालेसफाई आणि हवामान एकच झालं की, मग माझ्या धाग्याचं शीर्षकच गंडलं 😄

चेंगट_बंड्या
नालेसफाई : जागतिक कृती. नाल्यात परत कचरा टाकणे : स्थानिक सहभाग.

पंपहाऊस
वाचनमात्र असतो पण पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, या लाइनमध्ये नोकरी केली आहे. कुठल्याही महापालिकेचं वीजबिल उघडून बघा, मोठा वाटा पाणी उचलण्याचा आणि सांडपाण्याचा असतो, मग रस्त्यावरचे दिवे. म्हणजे पाणी वाचलं की वीज वाचली, हे पालिकेच्या शंभर टक्के हातात आहे, इथे सिडको मध्ये येत नाही अण्णा.
नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे प्रत्येकी २० एमएलडीचे (दिवसाला २ कोटी लिटर) प्लँट आहेत ते फार कोणाला माहीत नसतं. ते पाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना द्यायचं. कारखान्याला बॉयलर, कुलिंग, बागेसाठी प्यायच्या पाण्याची गरजच नसते. प्लँट बांधणं सोपं असतं, गिऱ्हाईक मिळवणं अवघड. कारखानदार विचारतो, उद्या सप्लाय बंद पडला तर? क्वालिटी बदलली तर माझी फिल्टरची मेंब्रेन कोण भरून देणार? तो आधी एक टँकरभर घेऊन महिनाभर टेस्ट करतो, मग थोडी लाइन घेतो. लांबच्या कारखान्यापर्यंत पाइप टाकायचा तर रस्ता खोदायची परवानगी परत दुसऱ्या संस्थेची. असं सगळं.
गाझियाबादने २०२१ ला अशाच प्लँटसाठी १५० कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले, देशातल्या महापालिकेचे पहिले. इंदूरने २०२३ ला २४४ कोटी उभे केले, ते सोलर प्लँटसाठी, जलूदला. कारण नर्मदेचं पाणी घाट चढवून आणण्यात त्यांचं वीजबिल प्रचंड यायचं. हवामान वगैरे भाषणात, खरं कारण बिल. आणि बिल हेच कारण असेल तर काम टिकतं असा माझा अनुभव आहे, नुसत्या कौतुकावर उभे केलेले प्रोजेक्ट साहेब बदलले की बंद.

येऊरवाली
@पंपहाऊस तुम्ही वाचनमात्र राहू नका हो, लिहीत जा.

नेरुळ_सेक्रेटरी
पंपहाऊस यांच्या शेवटच्या ओळीशी हजार टक्के सहमत. आमच्या सोसायटीत ओला कचरा आवारातच जिरवायचा असं ठरलं. २०१६ च्या नियमांनुसार दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना ते बंधनकारकच होतं, नोटीस आल्यावर एजीएमला जाग आली. पहिल्या पावसाळ्यात खड्ड्यात अळ्या, वास, वरच्या मजल्यावरच्या काकू रोज फोन करून "सेक्रेटरी, तुम्ही इथे येऊन जेवायला बसा" म्हणायच्या. नंतर माळ्याने सांगितलं की नुसता भाजीपाला टाकताय, सुका पालापाचोळा आणि नारळाची शेंडी मिसळा, ओल मुठीत दाबून बघा, पाणी गळलं की जास्त झालं. ते केल्यावर वास थांबला. आता काकूच खत घेऊन जातात, कुंडीत गवती चहा लावलाय.
पण मुद्दा असा की हे सगळं नोटिशीमुळे झालं, वसुंधरा वाचवायची म्हणून एकही सभासद हललेला नाही. मीसुद्धा नाही.

खारघर_मधला
सर हे हवामानात कसं बसतं पण? खत झालं ठीक, त्याने ध्रुवावरचा बर्फ थांबणार का?

येऊरवाली
बसतं. डंपिंगवर ओला कचरा दाबून टाकला की हवा नसल्याने तो कुजून मिथेन होतो. २० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. ठाण्याच्या दिवा भागातल्या डंपिंगजवळ राहिलेल्यांना विचारा, आगी कशाने लागायच्या.
आता यातली गंमत बघा कोलशेतकर. ग्लासगोलाच देशांनी मिथेन ३० टक्के कमी करायचा करार केला २०३० पर्यंत, भारताने त्यावर सही केली नाही. कारण आपला मिथेन मुख्यतः गुरं आणि भातशेतीतून येतो, शेतकऱ्यावर बंधन कोण घालणार, समजण्यासारखं आहे. पण डंपिंगचा मिथेन शेतकऱ्याचा नाही ना, तो शहराचा. तिथे देशाची सही नसतानाही पालिका काम करू शकते आणि इंदूरने केलंच, २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकणारा बायो-सीएनजी प्लँट चालवतात, त्या गॅसवर बस चालतात. तिथे चाललं कारण घराघरात कचरा आधीच वेगळा होत होता. आपल्याकडे सोसायटी वेगळा करून देते आणि गाडीवाला एकत्र करतो, हे रोज डोळ्यांनी बघते.

घोडबंदरग्रस्त
गाडीवाला एकत्र करतो +१००. अवांतर : बसवरून आठवलं, टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या) एसी इलेक्ट्रिक बस चांगल्या आहेत, येतात तेव्हा.

चेंगट_बंड्या
'येतात तेव्हा' ही टीएमटीची टॅगलाइन करा.

बसवेडा
अवांतर कसलं, बस हा सगळ्यात भारी मुद्दा आहे धाग्याचा! शेनझेनने २०१७ अखेरीस सगळ्या १६ हजारच्या आसपास बस इलेक्ट्रिक केल्या, जगातलं पहिलं मोठं शहर, त्यानंतर जगाला पटलं की हे होऊ शकतं. आपल्याकडे २०२२ ला कोलकाता दिल्ली बंगळुरू हैदराबाद सुरत या पाच शहरांची मागणी केंद्राच्या कंपनीने एकत्र केली, ५,४५० बसचं एकच टेंडर, दर एवढे खाली आले की किलोमीटरमागे डिझेलपेक्षा स्वस्त. एकेकटी शहरं गेली असती तर कंपन्यांनी उभंही केलं नसतं. आणि त्यानंतर २०२३ ला केंद्राने १० हजार बसची पीएम ई-बस सेवा आणली, तीही बस कंत्राटदाराची आणि त्याला किलोमीटरमागे पैसे, याच पद्धतीने. शहरांनी आधी चालवून, हात पोळून बघितलं नसतं तर दिल्लीला कळणार कसं होतं की बस विकत घेण्यापेक्षा किलोमीटर विकत घेतलेले बरे?
फक्त एक. कंत्राटी पद्धतीत ड्रायव्हरचा पगार थकला की संप, आणि मग स्टॉपवर आपण. याबद्दल कुठल्या परिषदेत कोणी बोलत नाही.

अण्णा_वाशी
बसवेडा, चांगली माहिती. पण यातही केंद्राची कंपनी होती म्हणून जमलं, हे माझ्याच बाजूचं उदाहरण झालं.

बसवेडा
अण्णा तुम्ही हरत नाही 😀

मुलुंडची_मेघा
अण्णा, दोन्ही बाजूंचं आहे ते. तसंही पॅरिस करारातच सगळ्या स्तरांवरच्या सरकारांच्या सहभागाचं महत्त्व लिहिलेलं आहे. पण परिषदेत मत देशांनाच, शहरं १९९५ पासून निरीक्षक गट म्हणून बसतात, मागच्या बाकावर. २०१७ ला ट्रम्पने पॅरिसमधून बाहेर पडतो म्हटलं आणि वर "मी पिट्सबर्गच्या लोकांचं प्रतिनिधित्व करायला निवडून आलोय, पॅरिसच्या नाही" असा डायलॉग मारला, तर पिट्सबर्गच्याच महापौराने आम्ही पॅरिस पाळणार म्हणून जाहीर केलं. देश गेला तरी शहरं राहिली. तेवढ्याने अमेरिकेचा धूर किती कमी झाला ते विचारू नका, पण देश परत येईपर्यंत काम पूर्ण थांबलं नाही.

डोक्याला_ताप
शहरांचं कौतुक चाललंय तर कोपनहेगनचंही सांगा की. २०२५ ला जगातली पहिली कार्बन न्यूट्रल राजधानी होणार म्हणून दहा वर्षं मिरवले, २०२२ मध्ये सांगितलं जमणार नाही. कारण कचरा जाळायच्या प्लँटवर कार्बन पकडायचं यंत्र बसवायचं होतं त्याला पैसे मिळाले नाहीत. एवढ्या श्रीमंत शहराची ही कथा. तारखा द्यायला काय जातं.

नेरुळ_सेक्रेटरी
निदान जमणार नाही हे तारखेच्या आधी सांगितलं त्यांनी.

बेलापूर_धारण
बाहेरगावच्या गप्पा पुरे, आता इथलं एक सांगतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली भराव टाकून वसवलाय. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव केले, होल्डिंग पाँड. भरती आली की खाडीकडचं झडपेचं दार पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतं, शहरात पडलेला पाऊस तलावात थांबतो, ओहोटी लागली की दार उघडून पाणी बाहेर. वीज नको, माणूस नको. लहानपणी आम्ही त्या झडपा बघायला जायचो.
आता तलाव गाळाने भरलेत आणि गाळात खारफुटी उगवली. गाळ काढायचा तर खारफुटी तोडावी लागते आणि उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदीच घातली, सार्वजनिक हिताचं काम असेल तर कोर्टाची परवानगी घ्या. म्हणजे खारफुटी वाचवायची हेही हवामानाचं काम, गाळ काढायचा हेही हवामानाचं काम, आणि दोन्ही एकाच तळ्यात. याचं उत्तर कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारात नाही. पालिकेच्या अभियंत्याने तळ्याचा नकाशा काढून, कोणता भाग खोदायचा कोणता ठेवायचा हे ठरवून, किनाऱ्याचं प्राधिकरण आणि कोर्टापुढे पटवून द्यायचं. तो ते नीट करतो की फाइल टेबलावर ठेवतो यावर वाशी-बेलापूरच्या तळमजल्यावर पाणी शिरतं की नाही ते ठरतं.

अण्णा_वाशी
वा. हा प्रतिसाद धाग्यात वर पाहिजे होता. आमच्या बिल्डिंगच्या मागेच आहे तसा एक. आणि पाखरंही येतात हो तिथे, ते वेगळंच.

येऊरवाली
मला यात एक दिसतं. सही करणं, वर्ष जाहीर करणं यात शहराची ताकद नाहीच, तिथे कोलशेतकर आणि डोक्याला_ताप बरोबर आहेत. शहराची ताकद बांधकाम परवानगी, टेंडरची अट, कचऱ्याची नोटीस, झडप असल्या कंटाळवाण्या गोष्टींमध्ये आहे. आणि वरच्यांना नंतर उचलता येतात त्या याच. 'आम्ही २०५० ला शून्य होऊ' हे कोण काय उचलणार.

दुसरा_मजला
पण परवानगीचीही गंमत आहे ताई. आमच्या इमारतीला सोलर वॉटर हीटर आहे, ओसीसाठी (पालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठी) लागतो म्हणून बिल्डरने बसवला. ओसी मिळाली, दुसऱ्या वर्षी पाइप गळायला लागला, व्हॉल्व्ह बंद केला तो आजतागायत. आता गच्चीवर कबुतरं बसतात त्यावर. सगळ्या घरात गीझर. कागदावर आमची इमारत सौर आहे आणि कुठल्यातरी अहवालात मोजलीही गेली असेल. बसवला का ते तपासतात, चालतो का ते कोणी बघायला येत नाही.

नेरुळ_सेक्रेटरी
फायर ऑडिटसारखं दर वर्षी सर्टिफिकेट मागा, बघा कसे दुरुस्त होतात.

चेंगट_बंड्या
सेक्रेटरी साहेब अजून एक सर्टिफिकेट म्हणजे अजून एक एजन्ट.

नेरुळ_सेक्रेटरी
बंड्या गप्प बस. पाणीबिलात किंवा मालमत्ता करात सवलत द्या पण चालू असेल तरच, मग एजन्टची गरज नाही, सभासदच वर जाऊन बघतील.

कोलशेतकर
बाप रे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत. मूळ मत थोडं हललंय, पूर्ण नाही. अहमदाबाद आणि बसचं पटलं. पण अण्णांचा प्रश्न तसाच आहे, जाब कोणाला विचारायचा? माझं म्हणणं, ४३ शहरांच्या यादीत आहोत तर दर वर्षी पालिकेने एक पान तरी काढावं, वीजबिलाचे युनिट किती, डंपिंगला ओला कचरा किती गेला, प्रक्रिया केलेलं पाणी किती विकलं. तीन आकडे. आहेत का हे कुठे?

पंपहाऊस
तिन्ही आकडे पालिकेकडे असतात. विजेचं बिल लेखा विभागाकडे, कचऱ्याच्या गाड्या काट्यावरून जातात त्याची नोंद घनकचरा विभागात, पाण्याचं मीटर प्लँटवर. एकत्र कोणी करत नाही एवढंच. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल निघतो दर वर्षी, त्यात शोधा, नाही सापडलं तर माहिती अधिकारात तीन विभागांना तीन वेगळे अर्ज करा, एकात तिन्ही विचारलंत तर हस्तांतरणातच महिना जाईल.

अण्णा_वाशी
नवी मुंबईचे तीन मी टाकतो, वेळ भरपूर आहे. ठाण्याचे कोण?

घोडबंदरग्रस्त
मी टाकतो. ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या ऑनलाइन भरता येतो ना अर्ज?

चेंगट_बंड्या
ड्राफ्ट, फी, अपील, सगळं होईल माजिवडा ते कासारवडवली.